डिग्री आण्णा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत डिग्रीवाले पुष्कळ. निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ संध्याकाळी उभं राहिलं, तर हातातला चहा संपायच्या आत चार बी.ई. आणि दोन एम.कॉम. हात दाखवून जातात. पण नावापुढं ‘डिग्री’ लावायचा मान पेठेनं एकाच माणसाला दिला, आणि त्या माणसाचं मॅट्रिकचं गणित तीनदा राहिलं होतं. आण्णांची डिग्री विद्यापीठाची नाही, सेल्सिअसची.

चहाच्या गाडीवर आण्णांपुढं कप आला की ते लगेच पीत नाहीत. कपावर पालथा पंजा धरतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात, “पंच्याऐंशी.” मग बशीत ओततात. “सत्तर.” दोन फुंकरा. “साठ. घ्या आता.” कोरोनानंतर घराघरात कपाळावर धरायच्या बंदुका पडून होत्या. त्यातली एक घेऊन कॉलेजचं एक पोरगं आलं आणि बशीवर नेम धरून ओरडलं, “आण्णा, अठ्ठावन्न!”

आण्णांनी बशी तोंडाला लावली, संपवली आणि म्हणाले, “तुझ्या बंदुकीला सर्दी झालीया.”

चहा बशीतच का ओतायचा, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. “कपात त्येला अंग चोरून बसता येतंय. बशीत हातपाय पसराय लागतात. पसरला की गेला.” पृष्ठफळ वाढलं की उष्णता लवकर जाते, हे वाक्य मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. पण ते कळलं त्या दिवशी.

उष्णता जायच्या वाटा तीन: वहन, अभिसरण, प्रारण. शाळेत आपण सगळ्यांनी हे पाठ केलं आणि सोडून दिलं. आण्णांनी ते पाठ केलं नाही, म्हणून त्यांच्या लक्षात राहिलं. ते पेठेचं उदाहरण देतात.

“समज, कुणाचं तरी ठरल्यालं लगीन मोडलं. आपल्यात भित्तीला भित्त लागून घरं. पैली दुसरीला सांगती, दुसरी तिसरीला. जागचं कोण हाललं न्हाई, पर बातमी गल्लीच्या टोकाला. हे झालं वहन. आता दूधवाला. त्यो सोता बातमी घिऊन हिंडतो. हितं गरम उचलली, तितं रिकामी केली, गार हून परत आला, पुन्हा भरली. हे अभिसरण. आन तिसरं...” इथं आण्णा थांबतात. ऐकणाऱ्यानं ‘तिसरं काय?’ असं विचारल्याशिवाय ते पुढं जात नाहीत.

“तिसरं काय, आण्णा?”

“बापाची नजर. तू रंकाळ्याच्या ह्या कडंला शिग्रेट वडतोयस. बाप त्या कडंला हुबा. मधी कोण न्हाई, सांगाय कोण गेलं न्हाई. पर तुला भाजतंय का न्हाई? त्ये प्रारण.”

हे ज्ञान आलं कुठून? उद्यमनगरातल्या एका फौंड्रीतून. आण्णांनी सदतीस वर्षं भट्टीवर काढली. बिडाचा रस लाडलमध्ये घ्यायचा, साच्यात ओतायचा. समोर १४०० अंश, मागं दार. उभं राहायची जागा ठरलेली, त्यामुळं भट्टीकडं कायम उजवी बाजू. परिणाम असा, की आण्णांची उजवी भुवई विरळ, उजव्या हातावर लव नाही, उजवा गाल तांब्यासारखा आणि डावा गाल मात्र अगदी सरकारी नोकरीतला. प्रारण सरळ रेषेत जातं, वळसा घालून पलीकडं जात नाही, याचा पुरावा म्हणून ते दोन्ही गाल दाखवतात. लग्नाच्या फोटोत पूर्वी डावीकडून घ्या म्हणायचे, आता उजवीकडून घ्या म्हणतात. “पगार ह्या बाजूनं मिळवलाय.”

भट्टीच्या त्या काळात थर्मामीटर आण्णांचे डोळेच. लोखंड साधारण ५०० अंशांच्या पुढं अंधारात जेमतेम तांबूस दिसायला लागतं, ८०० ते ९०० ला लालभडक होतं, ११०० च्या आसपास पिवळ्याकडं झुकतं आणि १४०० च्या घरात डोळा ठरत नाही. रंगावरून ताप ओळखायची हीच युक्ती ताऱ्यांना लावतात, हे मी आण्णांना सांगितलं. तांबडा तारा त्यातल्या त्यात गार, निळसर पांढरा जास्त तापलेला. त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. “मग आनि कशावरनं वळखनार? हात लावून?”

नवल एकदाच वाटलं. योझेफ स्टेफान या ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञानं १८७९ साली दाखवलं, आणि पाच वर्षांनी त्याच्याच शिष्यानं, बोल्ट्झमाननं, ते गणितानं सिद्ध केलं, की निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं तापमान दुप्पट झालं तर बाहेर फेकली जाणारी उष्णता दुप्पट होत नाही, सोळापट होते. हे ऐकून आण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सोळापट व्हय! तरीच. लालला मी दोन हात लांब हुबारायचो आन पांढऱ्याला भित्तीला टेकायचो. मुकादम म्हनायचा, कामचुकार हैस. त्येला ह्यो स्टिफन कोन सांगनार?”

सूर्याकडं आण्णा एका भट्टीवाल्यानं दुसऱ्या भट्टीकडं बघावं तसं बघतात. सकाळी तांब्यातून अर्घ्य सोडतात, डोळे किलकिले करतात आणि “आज जाळ बरा हाय” असा शेरा मारतात. त्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांवर आहे, हे कळल्यापासून त्यांच्या आवाजात आदर आला. पण तक्रारही आहे. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. तिथून उजेड निघाला की पेठेत पोचायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. “म्हंजे आपुन खातोय त्ये आट मिंटं शिळं ऊन. ताजं कुनालाच न्हाई. आमदार असू दे न्हाईतर हमाल.” दुसरी तक्रार आकडेवारीची. वातावरणाच्या वर दर चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊन येतं आणि स्वच्छ दुपारी जमिनीवर पोचतं जेमतेम हजार. “मधल्या मधी आभाळ टक्केवारी काढून घेतंय,” असं आण्णा म्हणतात, आणि टक्केवारी हा शब्द पेठेत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

असा माणूस शेजारी असला की साधं जगणं राहत नाही. लग्नात आण्णा पहिल्या रांगेत बसत नाहीत, दाराजवळ बसतात. कारण माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतो. “तीनशे मानसं म्हंजे तीस किलोवॅटची भट्टी. वर वाजंत्री. वर जेवन. मी रिटायर झालोय.” जेवायला बसले की तांबड्याच्या वाटीवर भाषण. तांबडा रस्सा पांढऱ्याआधी का प्यायचा नाही? तर त्याच्यावर तेलाचा तवंग असतो. वाफ निघाली तर रस्सा गार होणार, आणि तवंग वाफेला निघू देत नाही. “वरनं गप दिसतोय, आत उकळतोय. आपल्या पेठेगत.” हे ऐकत असताना पाहुण्यानं वाटी तोंडाला लावलेलीच असते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की आण्णा समाधानानं मान हलवतात. प्रयोग यशस्वी.

थंडीत ते सकाळी सहाला गल्लीतून फिरतात आणि मोटारसायकलींच्या सीटवरून बोट फिरवतात. उघड्यावरची सीट दवानं भिजलेली, छपराखालची कोरडी. दोन्हीकडं हवा तीच. मग फरक का? उघडी सीट रात्रभर स्वच्छ आभाळाकडं उष्णता सोडत राहते, आभाळ तेवढी परत देत नाही. ती हवेपेक्षाही गार पडते आणि हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. छपराखालच्या सीटला छप्पर निदान थोडी परत देतं. “छप्पर म्हंजे काय? दिल्यालं थोडं तरी परत देनारं मानूस,” असं आण्णा एकदा बोलून गेले. मी वहीत लिहून घ्यायला लागलो, तर म्हणाले, “लिवू नको. सीट पूस.”

पण आण्णांचा खरा मान नोव्हेंबरात. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. किरणोत्सवाला गावोगावचे पाहुणे येतात आणि प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो: हेच दिवस का? पेठेतली माणसं मग त्याला आण्णांकडं पाठवतात.

आण्णा दोन बोटं उभी करतात. मधे २२ डिसेंबर, सगळ्यात लहान दिवस. त्या दिवशी सूर्य दक्षिणेच्या टोकाला. तिकडं जाताना त्या दिवसाच्या सहा आठवडे आधी तो ज्या जागी मावळतो, तिथंच परतताना सहा आठवड्यांनी मावळतो. “येष्टी गारगोटीला जाताना जिथं थांबती, तिथंच येताना थांबती. देवीचं देऊळ बांधनाऱ्यानं त्यो थांबा बघून ठेवलाता.” एवढं सांगून ते किरणांच्या वाटेतली बांधकामं, पत्रे आणि पाण्याच्या टाक्या यांची नावानिशी उजळणी करतात. ज्याच्या टाकीची सावली पडेल, त्याची आण्णांकडून गय नाही.

मे महिन्यात उलटा सण. ६ तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य कोल्हापूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूला सावलीच राहत नाही. आण्णा गच्चीवर काकींचा बत्ता उभा करतात आणि गल्लीतल्या पोरांना गोळा करतात. सावली बत्त्याच्या बुडाखाली शिरते, पोरं टाळ्या पिटतात. खालून काकींचा आवाज येतो, “झालं असंल तर बत्ता पाठवा. लसूण कुटायचाय.”

काकींबद्दल सांगितलं पाहिजे. आण्णा ज्याला शास्त्र म्हणतात, त्याला काकी काम म्हणतात. माठ खिडकीच्या वाऱ्याला ठेवायचा, ओल्या फडक्यानं गुंडाळायचा. भाकरी फडक्यात बांधून बुट्टीत झाकायच्या. काळ्या बुडाची कढई लवकर तापते म्हणून बाहेरून फार घासायची नाही. आण्णांनी रिटायर झाल्यावर माठाची शास्त्रशुद्ध जागा दोन दिवस शोधली आणि तिसऱ्या दिवशी तो काकींनी तीस वर्षं ठेवला होता तिथंच आणून ठेवला. काकी काही बोलल्या नाहीत. त्यांची नजर मात्र प्रारणातच जमा होते.

मग आण्णांनी गच्चीवर सोलर आणलं. आधी पाणी तापवायचं. काचेच्या दुहेरी नळ्या, दोन थरांच्या मधली हवा काढून टाकलेली, म्हणजे लांबट थर्मासच. थर्मासची मूळ बाटली जेम्स ड्युअरनं १८९२ साली केली. आत ऊन शिरतं, पण मधे हवाच नसल्यानं वहन आणि अभिसरणाला वाट नाही. नळीतलं पाणी तापलं की हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. मोटार नाही, पंप नाही. आण्णा त्या नळीला हात लावून दाखवायचे, “बघ, भायेरनं गार! आत सत्तर. नाद खुळा!” त्या आनंदात त्यांनी फर्मान काढलं, की आता घरातला तांब्याचा बंब मोडीत घाला. काकी म्हणाल्या, “बरं.”

दुसऱ्या वर्षी वीज. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. तीन किलोवॅट म्हणजे तीनशे चौरस फुटांच्या आसपास गच्ची आणि चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट. पॅनेलची तोंडं दक्षिणेला. तिथं भांडण लागलं, कारण गच्चीचा तोच भाग काकींच्या वाळवणाचा. कुरडया, सांडगे, चटणीच्या मिरच्या, भाताचे पापड. काकींचं म्हणणं असं, की त्यांचं सोलर लग्नाच्या वर्षापासून चालू आहे आणि त्याला अनुदान कुणी दिलेलं नाही.

आण्णा जिंकले, पण पॅनेलनं त्यांना धक्का दिला. फिटर जाता जाता म्हणाला, “आण्णा, हे जास्त तापू द्यायचं नाही हं.” ऊन पाहिजे, ताप नको! पॅनेल उजेडावर चालतं. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात काच साठ अंशांच्या पुढं जाते, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर नुसतीच गेली. सगळ्यात बेस दिवस कुठला? जानेवारीतला, गार वाऱ्याचा आणि लख्ख उन्हाचा. आण्णा दोन दिवस जेवले नाहीत. “सदतीस वर्षं तापवायचं काम केलं. आन ह्येला तापल्यालं चालत न्हाई. जावई आणल्यागत झालं.”

तरी रोज संध्याकाळी मीटरपुढं उभं राहून युनिटं लिहायचा नेम चालू राहिला. एका दिवशी बारा युनिटांच्या जागी आठ! आभाळ निरभ्र. आण्णा गच्चीवर धावले, तर दोन पॅनेलवर धुतलेली वाकळ पसरलेली. एका माळेत जोडलेल्या पॅनेलमधलं एक झाकलं तरी साऱ्या माळेचा जोर कमी होतो, हे त्यांनी खाली येऊन अर्धा तास सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं. “पर काच गरम हाय,” त्या म्हणाल्या, “वाकळ तासात वाळली.”

सगळ्यात मोठा दिवस रविवारचा, साडेतीनच्या मॅचचा. “गल्लीतली लाईट जाईल, माझ्यातली न्हाई,” असं आण्णांनी कट्ट्यावर जाहीर केलेलं. म्हणून वीस पोरं त्यांच्या सोप्यात, म्हणजे त्यांच्याच हिशेबानं दोन किलोवॅट. चौथ्या ओव्हरला गल्लीची लाईट गेली. आण्णांचा टीव्हीही गेला. पंखा थांबला. बाहेर ऊन रणरणतंय, वर पॅनेल चमकताहेत आणि घरात घाम. आण्णा गच्चीवर जाऊन सूर्याकडं बघून आले. सूर्य जागेवर होता.

फिटरनं फोनवर उलगडा केला. असा सोलर बाहेरच्या लाईनीला जोडलेला असतो. लाईन गेली की इन्व्हर्टर क्षणात स्वतःला तोडून घेतो. नाही तोडलं तर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल. लाईट नसताना चालवायचं तर बॅटरी वेगळी लागते. सोप्यातून कुणीतरी ओरडलं, “आण्णा, भट्टी हाय, जाळ हाय, पर कास्टिंग न्हाई!”

सगळा सोपा हसला. आण्णा हसले नाहीत. त्यांनी ओरडणाऱ्याला हुडकून काढलं. “तुझा चुलता वायरमन हाय न्हवं? आत्ता खांबावर त्यो हाय. मॅच पायजे का चुलता पायजे?” पोरगं गप. हरलेला डाव आण्णांनी असा उचलून जाग्यावर पलटी केला आणि वर चहा सांगितला. “पंच्याऐंशी,” कप आल्यावर ते म्हणाले.

जुलै लागला. कोल्हापूरचा पाऊस लागला की लागतो. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, पंचगंगा पात्राबाहेर आली. दहा दिवस सूर्य नावालासुद्धा दिसला नाही. नळ्यांचं पाणी गार, आणि टाकीत विजेची कॉइल बसवायला आण्णांनी तत्त्वासाठी नकार दिलेला. ते गार पाण्यानं अंघोळ करून शिंकत होते आणि अभिसरणानं सर्दी गल्लीभर पोचवत होते.

अकराव्या दिवशी सकाळी त्यांच्या परसातून धूर दिसला म्हणून मी डोकावलो. पडवीत तांब्याचा बंब! चिंचेनं घासून लखलखीत. मोडीत गेलाच नव्हता. माळ्यावर पोत्याखाली बसून होता. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वर वाफ. शेजारी पाटावर आण्णा, सवयीनं उजवी बाजू जाळाकडं करून.

“काय आण्णा, सोलर सोडलं काय?”

“सोडतोय कशाला? ह्यो बी सोलरच.” ते सरसावून बसले. “ही बाभूळ. हिनं वीस वर्सं ऊन खाल्लं आन साठवून ठेवलं. आता आपुन त्ये सोडवून घ्यायलोय. चिपाडात काय हाय? ऊन. शेनीत? शेनीत म्हशीची वैरन, वैरनीत ऊन. त्या दिशी बॅटरी न्हाई म्हनून हसलासा न्हवं? ही बघ बॅटरी. वीस वर्सं चार्ज केल्याली.”

एक अक्षर चूक नव्हतं. मी हात जोडणार, तेवढ्यात आतून काकींचा आवाज आला.

“एवढं ऊन साठलंय तर वाईच फोडून द्या. कुऱ्हाड दाराआड हाय.”

आण्णा उठले. ऊन ओलं होतं. एकेका ओंडक्याला चार-चार घाव घालावे लागले.